उशिरा पिकलेला कोपरा

श्रावण लागला की आमच्या कॉलेजातल्या पहिल्या वर्षाच्या मुलांना मी भातखाचरात उतरवतो. बांधावर चपलांची रांग लागते आणि चपलांचे मालक पँटी दुमडून, तोंडं वाकडी करून उभे असतात. कुणाला कालपासून कणकण असते, कुणाच्या पायाला नेमकं आजच काहीतरी लागलेलं असतं. बहुतेक जण नगरकडचे, सोलापूरकडचे. ज्वारी-बाजरीच्या रानातून आलेले. गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावणं ही त्यांच्या लेखी शेती नसतेच, फजिती असते. मी दोरीचं एक टोक एकाच्या हातात देतो, दुसरं दुसऱ्याच्या, आणि दोघांना समोरासमोरच्या बांधांवर उभं करतो. पहिली ओळ लागते ती हमखास वाकडी. मी ओरडतो. हे दर वर्षी होतं, आणि दर वर्षी ती ताणलेली दोरी बघितली की मला मध्येच हसू फुटतं. सर चिडता चिडता हसतात कशाला, असं मुलं एकमेकांना विचारतात. त्यांना सांगायचं म्हणजे पनवेलपासून सुरुवात करावी लागेल.

मी मूळचा पनवेलचा, पण शेतकऱ्याघरचा नव्हे. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू, शनिवार पाळणारे. आजोबांचा तेलाचा घाणा होता आणि तो शनिवारी बंद असायचा, म्हणून आजूबाजूच्या गावांतले लोक आम्हाला शनवार तेली म्हणत. त्यात कुचेष्टा नसे. सोनाराला सोनार म्हणावं तितकं ते साधं होतं. पुढे घाणा गेला आणि बाबा सरकारी दवाखान्यात कंपौंडर झाले. आमची शेती म्हणजे मागच्या दारचं अळू आणि शेवग्याचं एक झाड. त्या शेवग्यालाही कधी कुणी पाणी घातल्याचं मला आठवत नाही.

असा मी मॅट्रिकनंतर घाट चढून शेतकी कॉलेजात गेलो, त्याचं कारण जमिनीची ओढ वगैरे काही नव्हतं. तिथे फीमध्ये सवलत होती, एवढंच. पण पहिल्याच आठवड्यात मी पुरता हरखून गेलो. जमिनीला थर असतात, पोत असतो, तिचा खारेपणा मोजता येतो! काचेच्या बरण्यांतून मांडलेली नाना तऱ्हेची बियाणी मी एखाद्या लहान मुलानं मिठाईच्या दुकानापुढे उभं राहावं तसा बघत उभा राहिलो. नांगर, कुळव, पाभर यांची नावं पाठ केली आणि कोणता कोणता हे ओळखताना सगळी चुकवली. आणि खांबेटे सरांचा तो तास. सरांनी फळ्यावर एक मोठं वर्तुळ काढलं आणि त्यावर माती, पाणी, बी, गुरं, माणसं असे शब्द लिहिले. "शेत म्हणजे नुसती जमीन समजू नका," ते म्हणाले, "ही सगळी एकमेकांना बांधलेली व्यवस्था आहे. यातलं काहीही हलवलंत तर बाकीचं हलणार." आवाज खणखणीत, कोट पांढरा शुभ्र, खडूचा कणसुद्धा बाहीला लागू न देण्याची खबरदारी. मला ते फार आवडले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मला ताप आला. साधा नाही, मुदतीचा. बाबा येऊन मला गाडीत घालून घरी घेऊन आले. आईनं पेज भरवली, बाबांनी दवाखान्यातली आणि दवाखान्याबाहेरची सगळी औषधं दिली, आणि मी वाचलो. केस मात्र गेले. आरशात बघितलं की मला एक अनोळखी, म्हातारा मुलगा दिसायचा.

वाचलो, पण वर्ष जायची वेळ आली. हजेरी भरणार नव्हती. हजेरी नाही म्हणजे टर्म नाही, टर्म नाही म्हणजे वर्ष फुकट, आणि एक वर्ष गेलं की फीची सवलत बंद. मुंबईला माझे मामा रेल्वेच्या वर्कशॉपात होते. त्यांनी आधीच कळवून ठेवलं होतं, की मुलगा हिंडूफिरू लागला की पाठवून द्या, चिकटवतो. मामांचा हेतू चांगलाच होता. पण मला त्या बरण्या आणि ते फळ्यावरचं वर्तुळ सोडवत नव्हतं. एक आठवडा शिकलेल्या गोष्टीसाठी माणूस इतका तळमळू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं. बाबा एका रविवारी उठून घाटावर गेले आणि सरांना त्यांच्या घरी भेटले. सर म्हणाले, घरी राहूनच भाताचा एक तुकडा नव्या जपानी पद्धतीनं लावू दे. स्वतःच्या हातानं. आवणी, म्हणजे रोपांची लावणी, झाली की मी येऊन बघेन. काम पटलं तर टर्मसाठी शब्द टाकेन, नाही पटलं तर नाही. सगळं त्या तुकड्यावर होतं.

ही जपानी पद्धत त्या काळात नवी नवी होती. पोस्टर लागत, भाषणं होत. उंच गादीवाफ्यावर थोडं बी पेरून रोप तयार करायचं, आणि मग दोरी धरून, ओळीत, अंतर राखून दोन-तीन रोपांचा एकेक चूड लावायचा. आमच्या भागातली रीत वेगळी. पालापाचोळा, शेण जाळून राब भाजायचा, त्यावर बी फेकायचं, आणि पाऊस झाला की बायका रोपांच्या मुठी घेऊन खाचरात उतरायच्या. ओळ नाही, दोरी नाही. हात जाईल तिथे रोप, आणि रिकामी जागा कुठे दिसता कामा नये. रिकामी जागा म्हणजे आवणी करणारीची लाज.

तुकडा दिला कळंबोलीच्या जोमादादांनी. मागे कधी त्यांच्या पायात मोठी जखम चिघळली होती आणि बाबांनी रोज सायकलवर जाऊन ती धुतली, बांधली होती. बाबांनी विचारताच जोमादादा म्हणाले, "पोराला पायजे तेवरा खाचर घे. पन तो उभा तरी राहील काय तिते?" प्रश्न रास्त होता. मी त्यांच्या बांधापर्यंत चालत गेलो तरी दोनदा बसायचो.

त्या वर्षी पावसानं फार छळलं. आधी आला, मग तोंड फिरवून गेला, आणि सगळ्या गावाचं रोप राबातच करपलं. दुसऱ्यांदा पेरायला बी पुरेसं नव्हतं. खायच्या भातातलं काढून लोकांनी पेरलं. जोमादादांनी पेरलं त्याच दिवशी मीही सरांनी दिलेलं बी माझ्या गादीवाफ्यावर पेरलं. जोमादादांच्या बायको, धर्मीबाय, विहिरीवर जाताना येताना माझ्या वाफ्यावर हंड्यातलं पाणी शिंपडून जात. उंच, काटक बाई, मोठा आवाज, आणि बोलताना समोरच्याच्या दंडाला धरायची सवय. मला बघितलं की म्हणायच्या, "काय रं, जेवलास का नुसता पुस्तक खाल्लास?" त्यांच्या हातचं पाणी लागलं म्हणा की काय, माझं रोप झकास आलं.

आवणीच्या सुमाराला जोमादादा बहिणीच्या शेतावर मदतीला जासईला गेले. माझी लावणी गुरुवारी झाली. बाबांनी रजा घेतली. एका बांधावर बाबा दोरी धरून, दुसऱ्या बांधावर खुंटी, आणि मध्ये मी. एक ओळ लावायची, बसायचं. दुसरी लावायची, बसायचं. डोळ्यांपुढे काजवे यायचे, पण ओळी सरळ लागल्या. संध्याकाळी बांधावरून बघितलं तर त्या तांबूस चिखलात माझी हिरवी बारकी रोपं शिस्तीत उभी होती, आणि मधे मोकळी, स्वच्छ जागा. इतकी सुंदर गोष्ट मी तोवर केलेली नव्हती. दूरच्या खाचरातून बायका कमरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत होत्या. आम्हाला वाटलं, त्या कौतुक करतायत.

शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत आईनं नेहमीप्रमाणे दिवा लावला. मनुकांचं सरबत झालं, बाबांनी प्रार्थना म्हटली. शनिवारी आमच्या घरात चूलसुद्धा पेटत नसे, मग शेतात जायचा प्रश्नच नव्हता. ताप गेल्यापासूनचा तो पहिला शनिवार, की मला दिवसभर पडून राहायचा कंटाळा आला नाही. मी डोळे मिटून माझ्या ओळी बघत होतो. सर बुधवारी येणार होते.

रविवारी सकाळी मी बांधावर जाऊन उभा राहिलो आणि आधी वाटलं, खाचर चुकलं. माझ्या ओळी नव्हत्या. या बांधापासून त्या बांधापर्यंत दाट, गच्च, सलग हिरवं. मधली एकूण एक मोकळी जागा भरून टाकलेली. मी खुंटी शोधली. खुंटी होती. तुकडा माझाच होता. मी खाली बसलो.

तेवढ्यात धर्मीबाय आल्याच. चेहरा नुसता फुललेला. "कशी झायली तुजी शेती? बग, बग! आता कशी भरलेली दिसते!" त्यांनी माझा दंड धरला आणि खुशीत सगळं सांगितलं. गुरुवारी त्यांनी लांबून बघितलं होतं. पोराच्या अंगात जोर नाही, एक रोप लावतो आणि लांब जाऊन दुसरं लावतो, मधली जागा तशीच राहते. तोल जाऊ नये म्हणून बापानं बिचाऱ्यानं दोरी बांधून दिली, ती धरून धरून पोर काम करतो. बायकांना गलबलून आलं. "शनवारी तू येत नाय, ते माईत हाय आमाला. मंग आमी जावा-जावा शनवारीच उतरलो. म्हनला, पोर रईवारी येल तवा खुश होल. तुजी परीक्षा हाय ना?"

मी मान हलवली. खूश झालो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

घरी येऊन मात्र मी मोठ्यानं रडलो. बाबांना आधी हसू आलं, दोरीचं ऐकून. मग त्यांनी हसू गिळलं, कारण बुधवार त्यांच्याही डोळ्यांपुढे होता. "अजून मुळं धरली नसतील," ते म्हणाले, "उद्या जाऊन मधली उपटून टाकू. त्या बायांना मी समजावतो."

आई भाजी चिरत होती. तिनं विळी बाजूला सारली. "त्या माउल्यांनी याच्या ताटात वाढलंय. यंदाच्या वर्षात. वाढलेलं उपटून बांधावर फेकणार तुम्ही, त्यांच्या डोळ्यांदेखत?"

"मग सरांना काय दाखवायचं?"

"आहे ते. आणि सांगायचं, झालं ते."

"अगं, सर म्हणतील प्रयोगच नाही. मुलाचं वर्ष जाईल."

आईनं विळी पुन्हा पुढे ओढली. मग म्हणाली, "गेलं तर मामाकडे जाईल. पण त्या रोपाला हात लावायचा नाही." आणि पुन्हा भाजी चिरायला लागली. तिचे हात भराभर चालत होते, पण डोळे पुसायला ती मध्येच उठली. मला तिचा भयंकर राग आला. ती म्हणते ते बरोबर आहे हे कळत होतं, म्हणून जास्तच आला.

ते तीन दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. शेतावर गेलो नाही. मुंबईच्या वर्कशॉपातला भोंगा मला पनवेलमध्ये ऐकू येत होता.

बुधवारी सर एसटीनं आले. तोच शुभ्र कोट, शुभ्र पँट, काळी छत्री. टांग्यातून कळंबोलीकडे जाताना ते रस्त्याकडेची खाचरं बघून बाबांना प्रश्न विचारत होते. बांधावर पोचल्यावर त्यांनी छत्री टेकली, इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "तुझा तुकडा कुठला?"

"हाच, सर."

त्यांनी खाली बघितलं. बराच वेळ बघितलं. "हा? यात ओळ कुठे आहे? अंतर कुठे आहे? रूबेन, मला इथे प्रयोग दिसत नाही."

मी काय झालं ते सांगायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. समोर खालच्या खाचरात धर्मीबाय आणि त्यांच्या जावा होत्या. जोमादादाही सकाळीच जासईहून परतले होते. आवाज ऐकून सगळे जवळ आले. धर्मीबायनी माझं तोंड बघितलं, सरांचं बघितलं, आणि एका क्षणात त्यांना उमगलं की काहीतरी मोठं बिघडलंय. त्यांचा हात तोंडावर गेला.

"साहेब, पोराचा दोस नाय," त्या म्हणाल्या. "आमी भरला तो. मधी मोकला दिसला, म्हनून आमीच भरला. पोराला माईतच नाय. त्याला काय बोलू नका."

जोमादादांनी कपाळावर हात मारला. "अगं, ती नवी रीत व्हती! मी सांगाला इसरलो तुला!"

सर संतापतील असं मला वाटलं. पण ते रोपांकडेच बघत होते. त्यांनी विचारलं, "एवढं रोप आणलंत कुठून? गावात तर रोपाचा दुष्काळ आहे म्हणतात."

धर्मीबाय पदर चाळवत राहिल्या. सरांची नजर फिरत फिरत खालच्या खाचराकडे गेली, आणि त्यांच्या मागोमाग माझीही. जोमादादांच्या त्या खाचराचा पलीकडचा कोपरा उघडा होता. नुसतं गढूळ पाणी. चिखलणी केलेली, रोप नाही. बाकीच्या हिरव्यात ती जागा डोळ्यात खुपत होती. रिकामी जागा राहिली तर आवणी करणारीची लाज, असं मानणाऱ्या बायकांनी स्वतःच्या शेताचा कोपरा उघडा टाकून उरल्यासुरल्या मुठी माझ्या चिखलात लावल्या होत्या. मी रविवारपासून माझ्या ओळींसाठी रडत होतो आणि तो कोपरा मला दिसलासुद्धा नव्हता. आई न बघता बोलली होती ते खरं होतं. यंदाच्या वर्षात.

"परीक्षा हाय ना त्याची," धर्मीबाय हळू आवाजात म्हणाल्या. "आमचा काय, फुडल्या साली पिकल."

सरांनी छत्री उघडली, पाऊस नसताना. मला वाटतं, त्यांना चेहरा झाकायचा होता. मग एकदम त्यांचा वर्गातला खणखणीत आवाज आला. "उभे काय राहिलात सगळे? वेळ अजून गेलेली नाही. ओळीतलं रोप याचं, ओळीबाहेरचं तुमचं. ओळीबाहेरचं सगळं हलक्या हातानं उपटा, मूळ तोडू नका, आणि त्या कोपऱ्यात लावा. आत्ता. माझ्यासमोर. रूबेन, तूही उतर. दोरी कुठे आहे?"

मग जे झालं ते आठवून मी आजही खाचरात हसतो. सर स्वतः चिखलात उतरले नाहीत, उतरायचा विचारही त्यांच्या मनात आला नसावा. ते बांधावर उभे राहिले, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात दोरीचं टोक. समोरच्या बांधावर बाबा. दोरी ताणली की माझी ओळ कळायची आणि बाजूचं रोप निघायचं. बायकांनी मुठी बांधल्या आणि त्या खालच्या कोपऱ्याकडे निघाल्या. सर दोरी गुंडाळत म्हणाले, "तिथेही ओळीत लावा, उत्पन्न वाढेल."

"नाय," धर्मीबाय ठाम. "आमचे कोपऱ्यात दोरी नाय. दोरीनं गाय बांदतात, साहेब. भात नाय बांदत."

सर बावचळले. वर्गात त्यांना असं कुणी बोलत नसे. "बरं," ते म्हणाले, "मग रूबेन, तू जा आणि त्यांच्या पद्धतीनं लाव. दोन्ही हाताला माहीत असलं पाहिजे."

मी त्यांच्या रांगेत वाकलो. वरून प्रश्न सुरू झाले. रोपाचं वय किती असावं? खोल लावलं तर काय होतं? खाडीचं खारं पाणी बांध फोडून आलं तर जमिनीचं काय होईल, आणि ती पुन्हा गोडी कशी करशील? मी वाकूनच, चिखलात तोंड घालून, ओरडून उत्तरं देत होतो. तापात पडल्या पडल्या मी पुस्तक वाचलेलं होतं. एखाद्या उत्तराला अडखळलो की शेजारून धर्मीबाय कोपरानं ढोसून म्हणायच्या, "बोल ना, बोल! माईत हाय तुला!" त्यांना प्रश्न कळत नव्हता, उत्तरही नाही. पण मला येतंय याची त्यांना खात्री होती. त्या दिवशी माझ्यापेक्षा जास्त.

परत जाताना एसटी स्टँडवर सर म्हणाले, "प्रयोग म्हणून हा तुकडा आता निकालात निघाला. अशी मधेच ढवळाढवळ झालेल्या खाचराचे आकडे मी मांडू देणार नाही."

"आणि माझी टर्म, सर?"

"ती वेगळी गोष्ट. आज मी तुझं काम बघितलं. तेवढं मी वर सांगेन. ऐकतील की नाही, माहीत नाही."

गणपती गेल्यावर त्यांचा निरोप आला: सामान घेऊन ये. मी धावतच कळंबोली गाठली. आता मी वाटेत बसत नव्हतो. धर्मीबायना म्हणालो, "टर्म मिळाली!" त्यांनी विचारलं, "म्हंजी काय?" मी म्हणालो, "वर्ष वाचलं." "मंग तसा सरल बोल ना!" आणि त्यांनी माझ्या टकलावर, नुकत्याच उगवू लागलेल्या केसांवर, दोन्ही हात ठेवले. घरी आईनं नवस बोललेला होता, मला कळूही न देता. आमच्या प्रेषिताच्या, एलियाहू हन्नाबीच्या नावानं तिनं पोह्यांचा मलिदा केला, खोबरं, साखर, फळं घालून, आणि पहिला वाटा केळीच्या पानात बांधून कळंबोलीला पाठवला.

आता आईबाबा इथे नाहीत. धाकट्या बहिणीबरोबर ते बोटीनं इस्राएलला गेले. मामाही तिकडेच गेले. आमच्या आळीतली किती दारं बंद झाली, आणि शनिवारी प्रार्थनेला पुरेसे पुरुष जमायची पंचाईत. तू का थांबलास, असं मला सगळे विचारतात. मी कामाचं, नोकरीचं कारण देतो. ते खोटं नाही. पण खरं सांगायचं तर ज्या मातीत मला कुणी तरी असं धरून उभं केलं, तिच्यापासून लांब जायचं माझ्या जिवावर आलं. कॉलेजात आता बुटक्या जातींचं परदेशी बी आलंय, खतांच्या गोण्या आल्यायत, मी ते सगळं मनापासून शिकवतो. फळ्यावर ते वर्तुळही काढतो. माती, पाणी, बी, गुरं, माणसं. शेवटचा शब्द लिहिताना माझा खडू जरा दाबून चालतो. आभार कुणाचे मानायचे म्हटलं तर मला अजूनही आधी चिखलात रुतलेले पाय आठवतात, मग माणसं.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आलो आणि दुसऱ्या दिवशीच कळंबोलीला गेलो. कापण्या उरकल्या होत्या. माझा तुकडाही जोमादादांनी कापून, झोडून, भात घरी पोचतं केलं होतं. सगळी खाचरं मोकळी, नुसते खुंट. फक्त खालच्या खाचरात पलीकडच्या कोपऱ्यात भात उभं होतं. उशिरा लावलेलं, म्हणून उशिरा पिकलेलं. पण पिकूनही आता बरेच दिवस झाले असावेत, कारण लोंब्या पार वाकल्या होत्या आणि चिमण्यांचा थवाच्या थवा त्यावर बसला होता. टाळी वाजवली तरी त्या उडेनात, इतक्या सोकावलेल्या.

"हे राहिलं कसं?" मी विचारलं. "दाणे झडतायत."

जोमादादांनी बायकोकडे बोट केलं. "हिला इचार. मी रोज सांगतो काप, काप. ही म्हनते, रुबन येल तवा."

"त्याचे हातचा हाय," धर्मीबाय म्हणाल्या. "लावला त्यानी, तर कापल पन त्योच. थोरा दाना गेला. जाऊ दे. पाखरानी खाल्ला, कुनी चोरला नाय." आणि कमरेचा विळा काढून त्यांनी माझ्या हातात दिला.

मी भात लावलं होतं, कापलं कधी नव्हतं. पुस्तकात कापणीचा धडा पुढच्या टर्मला होता. मी पहिली मूठ धरली आणि विळा ओढला.

"खालून काप, खालून!" त्या मागून ओरडल्या. "पेंढा लागते गुराना!"

मी आणखी वाकलो. दाण्यादाण्याला महाग झालेल्या त्या वर्षी या घरानं पिकलेलं भात माझ्या वाटेकडे डोळे लावून उभं ठेवलं होतं, चिमण्यांना खाऊ देऊन. मागे धर्मीबाय पेंढ्या बांधत येत होत्या आणि माझ्या कापण्याला नावं ठेवत होत्या. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते थांबेना. कोपरा संपेपर्यंत मी पाठ सरळ केली नाही.